डॉक्टर नुसतं "पॅरासाइटिक इन्फेक्शन" लिहितात, मग कोड कोणता टाकायचा?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा, की त्या गडचिरोलीकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात रेकॉर्ड सांभाळतात, डिस्चार्ज कार्डवर डॉक्टर "पॅरासाइटिक इन्फेक्शन" नाहीतर "वर्म इन्फेस्टेशन" एवढंच लिहून मोकळे होतात, आणि मग त्या सगळ्यांना सरसकट बी ८९ टाकतात, म्हणजे आयसीडी-१० या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-कोडांच्या पुस्तकातला "परजीवी आहे, कोणता ते माहीत नाही" असा कोड. आता वरून शेरा आलाय की अनस्पेसिफाइड, म्हणजे मोघम, कोड फार झाले, खुलासा द्या. सोबत असंही विचारलंय की पेशंटला अल्बेंडाझोल, म्हणजे जंताची गोळी, दिलेलं दिसतंय तर जंत समजून बी ८२.० (आतड्यातला कृमी) टाकला तर चालेल का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो कारण ते सोपं आहे, नाही चालत. गोळीवरून आजार ठरवायचा नसतो ताई. आपल्याकडे अल्बेंडाझोल कोणाकोणाला जाते ते बघा ना, १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीतल्या पोरांना, रक्त कमी असलेल्या गरोदर बाईला दुसऱ्या तिमाहीत, हत्तीरोगाच्या मोहिमेत डीईसी या हत्तीरोगाच्या औषधासोबत गावच्या गाव गोळी खाते. यातल्या किती जणांच्या पोटात खरंच जंत होते हे कोणी पाहिलेलं नसते. तुम्ही गोळीवरून कोड टाकला तर तुमच्या हॉस्पिटलच्या आकड्यात जंताचे पेशंट वाढतात आणि वर्षभराने कोणीतरी मीटिंगमध्ये विचारते की बाप्पा, तुमच्या तालुक्यात मोहीम फेल गेली काय. नुसती प्रतिबंध म्हणून गोळी दिली असेल आणि त्याचा कोड टाकायचीच वेळ आली तर आयसीडी-१० मध्ये झेड २९.२ आहे, प्रतिबंधात्मक औषधोपचाराचा. आजाराचा कोड तिथे लागत नाही.

आता बी ८९ चं. हा कोड चुकीचा आहे हे आधी डोक्यातून काढा, शेरा आला म्हणून घाबरून उद्यापासून नेमके कोड अंदाजाने टाकायला लागाल तर ते जास्त वाईट. अनस्पेसिफाइड कोड म्हणजे "त्या वेळी कागदावर एवढीच माहिती होती" असं प्रामाणिकपणे सांगणं. फक्त प्रश्न हा की माहिती खरंच नव्हती, का होती पण कागदावर आली नाही. माझ्या अनुभवात ओळख न पटलेल्या पॅरासाइटच्या केसेस तीन प्रकारच्या निघतात आणि तिघींचं उत्तर वेगळं आहे. एक म्हणजे कोणी काही पाहिलंच नाही, नुसता संशय. दुसरी, मायक्रोस्कोपखाली काहीतरी दिसलं पण जात ठरवता येत नाही. आणि तिसरी, जी सगळ्यात जास्त सापडते, की एलटीने (लॅब टेक्निशियनने) नीट ओळखून रजिस्टरला लिहिलंय, पण ते डिस्चार्ज कार्डपर्यंत पोचलंच नाही. लॅब आणि रेकॉर्ड रूम एका व्हरांड्यात असते आणि रिपोर्टाला तेवढं अंतर कापता येत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला, बी ८९ टाकायच्या आधी लॅब रजिस्टर उघडा, पेशंटचा नंबर लावा. निम्मं काम तिथेच होऊन जाईल.

रजिस्टर बघूनही काही नाही मिळालं तर सरळ बी ८९ वर उडी मारायची नाही, मध्ये पायऱ्या आहेत. पत्ता लिहिताना गाव माहीत नसेल तर आपण तालुका लिहितो, तालुकाही नसेल तर जिल्हा, पण गाव माहीत नाही म्हणून कोणी नुसतं "भारत" लिहून पाकीट टाकत नाही, तसंच हे. आतड्यातला कृमी आहे एवढं कळलं पण कोणता ते नाही, तर बी ८२.०. आतड्यातलाच परजीवी आहे पण कृमी की प्रोटोझोआ (एकपेशीय परजीवी) हेही लिहिलेलं नाही, तर बी ८२.९. कृमी आहे पण आतड्यातला म्हणता येत नाही, बी ८३.९. आतड्यातला प्रोटोझोआ, जात माहीत नाही, तर ए ०७.९ आणि नुसतंच प्रोटोझोआ म्हटलंय तर बी ६४. कातडीवरचा किडा, गोचीड-पिसवांसारखं काही, नाव ठरत नाही, तिथे बी ८८.९. हे सगळं गाळून जे उरेल, म्हणजे डॉक्टर म्हणतात परजीवी आहे आणि त्यापुढे एक अक्षर नाही, ते बी ८९. तुम्ही सहा महिन्यांचे पेपर असे पुन्हा चाळले तर बी ८९ चा ढीग आपोआप खाली येईल, अंदाज न करता.

आता लॅबच्या भाषेचं जरा सविस्तर सांगतो कारण इथेच जास्त गोंधळ होतो, आणि कोडिंगच्या क्लासमध्ये हे कोणी शिकवत नाही.

धानपट्ट्यातला माणूस, चिखलणीत अनवाणी, अंगात रक्त नाही, स्टूल पाठवलं, रिपोर्ट आला "हुकवर्म ओव्हा सीन", म्हणजे हुकवर्म या जंताची अंडी दिसली. हुकवर्मच्या दोन जाती, आयसीडीत बी ७६.० आहे अँकिलोस्टोमासाठी, बी ७६.१ नेकॅटरसाठी आणि बी ७६.९ अनस्पेसिफाइड. कोडर काय करते, अनस्पेसिफाइडला घाबरून बी ७६.० टाकते. पण दोघांची अंडी मायक्रोस्कोपखाली सारखीच दिसतात, नुसत्या अंड्यावरून कोणता ते सांगताच येत नाही. म्हणजे इथे बी ७६.९ हाच बरोबर कोड आहे आणि ऑडिटवाल्याने कितीही भुवया उंचावल्या तरी तोच राहील. तसंच टेपवर्मचं, पोर्क आणि बीफ दोन्ही टेपवर्मच्या अंड्यांत फरक करता येत नाही, सेगमेंट मिळाला तर गोष्ट वेगळी, म्हणून "टीनिया ओव्हा" एवढंच असेल तर बी ६८.९.

याच्या उलट एक फसवं प्रकरण आहे. मे महिना, सकाळी आठला पेशंटने डबी आणून खिडकीत ठेवली, एलटी फील्डवर गेला होता, डबी तशीच दुसऱ्या दिवसापर्यंत राहिली. हुकवर्मचं अंडं आपल्या उन्हाळ्यात एक-दोन दिवसात फुटते आणि आतून अळी बाहेर येते. आता रिपोर्टवर येते "लार्वा सीन". ताज्या स्टूलमध्ये लार्वा (अळी) दिसला तर स्ट्राँगिलॉइडिस या दुसऱ्या जंताचा विचार करतात, त्याचा कोड बी ७८, आणि तो आजार वेगळा, औषध वेगळं, स्टिरॉइड चालू असलेल्या पेशंटमध्ये जिवावर बेतणारा. दोन्ही अळ्यांत फरक आहे, तोंडाच्या पोकळीची लांबी बघतात, हुकवर्मची लांब असते आणि स्ट्राँगिलॉइडिसची आखूड, पण ते बघायला सवयीची नजर लागते. म्हणून रिपोर्टवर "लार्वा" दिसला की मी दोनच गोष्टी विचारतो, नमुना किती वाजता घेतला आणि किती वाजता पाहिला. या दोन वेळा लिहिलेल्याच नसतील तर बी ७८ टाकायचा प्रश्नच नाही, बी ८२.० टाका आणि डॉक्टरांना ताजा नमुना मागवायला सुचवा. एलटीला म्हणावं भाऊ, रजिस्टरला एक कॉलम वाढव, वेळेचा. दहा रुपयाची पट्टी लागते रेघ मारायला, दुसरं काही नाही.

अमिबाचं पण असंच. "ई. हिस्टोलिटिका सिस्ट सीन", म्हणजे अमिबाची कवचातली अवस्था दिसली, असं लिहिलं की लोक ए ०६.० टाकून देतात, म्हणजे ॲक्यूट अमीबिक डिसेंट्री, आणि पेशंट आलेला असते सर्पदंशाला, पोटाची काही तक्रारच नाही. हिस्टोलिटिका आणि बिनत्रासाचा डिस्पार नावाचा अमिबा, दोघांच्या सिस्ट सारख्याच दिसतात, म्हणून १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं की सिस्ट दिसली तर "हिस्टोलिटिका/डिस्पार" असंच लिहा. ट्रोफोझॉइटने, म्हणजे अमिबाच्या हलत्या-फिरत्या अवस्थेने, लाल पेशी गिळलेल्या दिसल्या तर हिस्टोलिटिकाकडे बोट जाते. नुसत्या सिस्टवर डिसेंट्री कोड करू नका, डॉक्टर याला आजार मानतात का हे त्यांना विचारा. 

मलेरिया तुमच्या भागात रोजचा, त्यामुळे हे नीट लक्षात ठेवा. रिपोर्टवर फाल्सिपेरम असेल तर बी ५०, व्हायवॅक्स असेल तर बी ५१. दोन्ही मिळून आले तर दोन कोड नाही टाकायचे, फाल्सिपेरमसोबत काहीही असो ते बी ५० मध्येच धरतात. आता "एमपी पॉझिटिव्ह" (मलेरियाचा परजीवी दिसला) एवढंच लिहिलंय, जात नाही. इथे दहातले नऊ जण बी ५४ टाकतात आणि ते चुकीचं आहे. बी ५४ म्हणजे तपासणीने सिद्ध न झालेला, डॉक्टरने लक्षणांवरून ठरवलेला मलेरिया. स्लाइडला परजीवी दिसला पण जात लिहिली नाही, तर तो बी ५३.८. दिसायला हा फरक बारीक आहे पण जिल्ह्याच्या आकड्यात एक केस "सिद्ध" आणि दुसरी "संशय" अशी जाते. झटपट तपासणीच्या किटचं एक वेगळं, फाल्सिपेरम पकडणारी एचआरपी-२ ची रेघ इलाज पूर्ण झाल्यावरही काही आठवडे येत राहू शकते. तोच पेशंट वीस दिवसांनी सर्दी-तापाने आला, किट पुन्हा पॉझिटिव्ह, की झाला नवीन मलेरिया कागदावर. म्हणून आशाताईने गोळ्या कधी दिल्या ती तारीख केसपेपरवर यायला पाहिजे, आणि किटवर पॉझिटिव्ह का स्लाइडवर तेही. गरोदर बाई असेल तर आधी ओ ९८.६ येतो, मग मलेरियाचा कोड. जंत असेल तर ओ ९८.८. हे काहून कोणी टाकत नाही मला समजत नाही, प्रसूतीच्या पेपरांत मी फार कमी वेळा पाहिलंय.

हत्तीरोगाचं थोडक्यात, पाय सुजलाय आणि डॉक्टरने "फायलेरिया?" लिहिलंय, तर दिवसा घेतलेली स्लाइड निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं कोडरने समजायचं नाही, मायक्रोफायलेरिया, म्हणजे हत्तीरोगाच्या जंताची पिल्लं, रात्री रक्तात येतात म्हणून तर रात्रीचं सर्वेक्षण असते. बँक्रॉफ्टी, म्हणजे जंताची जात, लिहिलेलं नसेल तर बी ७४.९.

आता संशयाचा नियम. डॉक्टरांचं ते प्रश्नचिन्ह. आयसीडी-१० च्या दुसऱ्या खंडात जागतिक आरोग्य संघटनेने लिहून ठेवलंय की पेशंट घरी जाईपर्यंत निदान "संशयित" म्हणूनच राहिलं आणि दुसरी काही माहिती नाही, तर ते झालंय असं धरून कोड करा. तपासून संशय खोटा निघाला तर झेड ०३. पण लक्षण लिहून पुढे दोन शक्यता लिहिल्या असतील तर लक्षणाचा कोड. उदाहरण घ्या, पोट्टं झटके येऊन आलं, सीटीत गोल रिंगसारखा डाग, डॉक्टरने लिहिलं "सीझर, एनसीसी? ट्यूबरक्युलोमा?", म्हणजे झटके, मेंदूतला कृमी की टीबीची गाठ. इथे बी ६९.० नाही टाकायचा, आर ५६.८ टाकायचा. नाहीतर एका प्रश्नचिन्हामुळे त्या पोराच्या कागदावर मेंदूतला कृमी कायमचा बसते, पुढच्या हॉस्पिटलात गेलं की तिथले लोक तेच उतरवून घेतात.

नागपूरला बसून अमेरिकन क्लायंटचं कोडिंग करणारी पोरं इथे नेहमी भांडतात की "सस्पेक्टेड कोड करायचंच नाही असं आम्हाला शिकवलंय". त्यांचंही बरोबर आहे, त्यांच्या आयसीडी-१०-सीएममध्ये, म्हणजे अमेरिकेच्या आवृत्तीत, ओपीडीला संशयित निदान कोड करत नाहीत, लक्षण कोड करतात, आणि तिथेही भरती पेशंटचा नियम वेगळा आहे. तुम्ही जिल्ह्याला रिपोर्ट देता, तुमचं पुस्तक डब्ल्यूएचओचं. दोन्ही पुस्तकं एका टेबलावर ठेवू नका, डोकं फिरते.

पेशंटच्या बोलण्यावरून कोड टाकायचा मोह पण आवरा. म्हातारी सांगते "पायातून नारू निघाला", सिस्टरने तसंच उतरवलं, कोडरने शोधलं तर नारूला बी ७२ मिळाला, टाकून दिला. अहो, भारतातली नारूची शेवटची केस १९९६ ची, राजस्थानातली, आणि फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. तुमच्या सॉफ्टवेअरमधून बी ७२ वर गेला तर दुसऱ्या दिवशी जीप दारात उभी राहील. "जखमेत किडे पडले" म्हणजे बहुतेक वेळा माशीच्या अळ्या, त्याला बी ८७.१, नाकात असतील तर बी ८७.३, कानात बी ८७.४, हे मात्र डोळ्यांनी दिसते म्हणून डॉक्टर लिहितातही नीट. आणि पावसाळ्यानंतर ताप, अंगावर काळी खपली, "शेतात किडा चावला" असं सांगणं. हे परजीवीत टाकू नका, २०१८ ला नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफस किती वाढला होता आठवत असेल. तो माइट नावाच्या बारीक किड्याच्या चाव्यातून येते पण आजार जिवाणूचा, ए ७५.३. मी अशा केसला बी ८८.० टाकलेला पाहिलाय, म्हणजे कागदावर नुसती खाज आणि पेशंट आयसीयूत.

आता राहिला खरा अडथळा, डॉक्टर लिहीत नाहीत. एमओवर (मेडिकल ऑफिसरवर) चिडून उपयोग नाही, शंभर-दीडशेची ओपीडी काढून माणूस वॉर्डात येते, वर पोस्टमॉर्टम असते. त्यांना "सर नीट लिहा" म्हटलं तर ते नीट लिहिणार नाहीत. अर्ध्या कागदाची क्वेरी स्लिप करा आणि पेपरला टाचा. पण प्रश्न असा विचारा की उत्तर तुम्ही त्यांच्या तोंडात घालत नाही. "सर, हुकवर्म लिहून द्या" हे चूक. "लॅब रजिस्टरला या तारखेला हुकवर्म ओव्हा नोंद आहे, डिस्चार्जवर पॅरासाइटिक इन्फेक्शन आहे, निदानात काही भर घालायची आहे का?" हे बरोबर. नुसत्या लॅब रिपोर्टवरून तुम्ही स्वतः कोड ठरवायचा नाही, तो अर्थ लावायचं काम डॉक्टरचं. मात्र आतल्या प्रोग्रेस नोटमध्ये डॉक्टरांनीच "हुकवर्म ॲनिमिया" लिहिलं असेल आणि शेवटी डिस्चार्जला मोघम लिहिलं असेल, तर नेमकं असलेलं उचलायची मुभा नियमातच आहे, तिथे स्लिपची गरज नाही.

डॉक्टरांकडून एकच ओळ मागा. काय दिसलं, कशात दिसलं, कोणत्या तारखेला, आणि काय बाकी आहे. "स्टूलमध्ये कृमीची अंडी, जात ठरली नाही, दुसरा नमुना पाठवला, रिपोर्ट बाकी" एवढ्या ओळीवर बी ८२.० डोळे मिटून टाकता येते आणि कोणी विचारलं तर दाखवायला कागद आहे. काहीच दिसलं नसेल तर तसं लिहायला सांगा, "तीन दिवसांचे तीन नमुने निगेटिव्ह, इओसिनोफिल वाढलेले" (म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या) ही पण माहिती आहे, त्याला डी ७२.१ मिळते, परजीवीचा कोड लागत नाही.

रिपोर्ट डिस्चार्जनंतर आला, मेडिकल कॉलेजहून येतो तसा आठ-दहा दिवसांनी, तर जुन्या ओळीवर खाडाखोड नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही. खाली पुरवणी नोंद, तारीख, वेळ, डॉक्टरची सही, आणि मग कोड बदलायचा. चुकलेला शब्द एका रेघेने कापायचा, खालचं वाचता आलं पाहिजे. भरती पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं आणि पेशंटने मागितलं तर ७२ तासांत द्यायचं असा मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत नियम आहे, तेव्हा हे कागद कधीतरी कोणीतरी वाचणार आहे असं धरूनच चाला. बाकी रिपोर्टांसाठी एक साधी वही ठेवा, पेशंटचं नाव, नंबर, कुठे पाठवलं, आलं का.

खुलाशाचं बोलायचं तर लांबलचक लिहू नका आणि "यापुढे काळजी घेऊ" वर थांबू नका, त्याने शेरा पुढच्या महिन्यात परत येते. बी ८९ टाकलेले सगळे पेपर काढा, लॅब रजिस्टरशी ताडून तीन गठ्ठे करा. ज्यात रजिस्टरला नाव होतं, त्यांच्या क्वेरी स्लिपा डॉक्टरांकडे. जे बी ८२ किंवा वर सांगितलेल्या इतर कोणत्या पायरीवर बसतात ते कोड दुरुस्त. आणि जे खरंच बी ८९ आहेत, म्हणजे नमुना द्यायच्या आधीच पेशंट पळाला किंवा रेफर झाला, त्यांच्यापुढे तेच कारण लिहा आणि कोड तसाच राहू द्या. तिन्ही गठ्ठ्यांचे आकडे एका पानावर टाका, एमओची सही घ्या, सोबत लॅब रजिस्टरच्या दोन-चार पानांची झेरॉक्स जोडा आणि आवक-जावकला नंबर टाकून पाठवा, पोच मात्र स्वतःजवळ ठेवा.